छोट्या कौटुंबिक धर्मादाय प्रतिष्ठानाचा कारभार आणि अनुदानाची निवड : नव्या विश्वस्तांसाठी

एखाद्या कुटुंबाने व्यवसायातून, वारशातून किंवा दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ काही रक्कम कायमची बाजूला काढून धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन केले, की पहिले काही महिने नोंदणी, बँक खाते आणि नावाची पाटी यांतच जातात. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात : पैसा कोणाला द्यायचा, ते कोणी ठरवायचे, आणि ठरवले ते योग्य होते हे पुढे कोणी विचारले तर काय दाखवायचे. ज्या मंडळावर तीन ते सात माणसे आहेत, त्यांतली बहुतेक एकाच घरातली आहेत आणि पगारी कर्मचारी एकही नाही किंवा फार तर एखादा अर्धवेळ आहे, अशा प्रतिष्ठानासाठी हा लेख आहे. मोठ्या फाउंडेशनांची कार्यपद्धती जशीच्या तशी उचलली तर असे मंडळ कागदांखाली दबून जाते. आणि कोणतीच पद्धत ठेवली नाही तर प्रत्येक अनुदान कोणाच्या तरी शब्दाखातर दिले जाते.

पुढचे बहुतेक नियम एका गोष्टीतून निघतात. प्रतिष्ठानाच्या खात्यात जमा झालेला पैसा त्या दिवसापासून कुटुंबाचा राहत नाही. देणगीवर करसवलत घेतली असेल, तर सरकारने सोडून दिलेल्या कराचाही त्यात वाटा असतो. विश्वस्त त्या पैशाचे राखणदार असतात, मालक नव्हेत. हे तत्त्व सगळ्यांना लगेच पटते, पण अंगवळणी पडायला काही वर्षे लागतात, कारण ‘आपल्या ट्रस्टमधून देऊन टाकू’ हे वाक्य घरात अगदी सहज बोलले जाते आणि बोलणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो.

पायरी पहिली : न्यासपत्र आणि कायद्याची चौकट

कायदेशीर रूप देशोदेशी वेगळे असते. कोठे न्यास, कोठे संस्था, कोठे ना-नफा कंपनी. रूप कोणतेही असो, स्थापनेचा दस्त (न्यासाच्या बाबतीत न्यासपत्र) प्रत्येक विश्वस्ताने स्वतः वाचलेला असला पाहिजे. वकिलाने समजावून सांगितला एवढ्याने भागत नाही. वाचताना उद्दिष्टे किती व्यापक आहेत, विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या किती, नेमणूक कोण करतो, मुदत किती, गणपूर्ती (सभेत निर्णयासाठी लागणारी किमान उपस्थिती) किती जणांची, दस्तात बदल कोणत्या मार्गाने होतो आणि प्रतिष्ठान विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता कोठे जाते, हे मुद्दे टिपून ठेवावेत. विश्वस्ताला पदावरून दूर करण्याची तरतूद अनेक दस्तांत नसते, कारण घरातल्या माणसांबद्दल तसे लिहायला कोणी धजावत नाही. ती तरतूद सगळ्यांचे एकमेकांशी बरे चालले असतानाच लिहून ठेवावी. बिनसल्यावर तिच्या मसुद्यावरही एकमत होत नाही.

कायद्याची भाषा वेगवेगळी असली तरी एका बाबतीत बहुतेक देशांचे सूर जुळतात : देणाऱ्यांनी आणि विश्वस्तांनी प्रतिष्ठानातून स्वतःचा फायदा करून घेता कामा नये. अमेरिकेत १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खासगी प्रतिष्ठानांसाठी याबाबत विशेष कडक नियम घातले. विश्वस्ताच्या मालकीची जागा प्रतिष्ठानाने भाड्याने घेतली, तर भाडे बाजारभावापेक्षा कमी असले तरी तो व्यवहार तिथे निषिद्ध ठरतो. जागा फुकट दिली तर मात्र चालते. विश्वस्ताने व्यक्तिशः कबूल केलेली बंधनकारक देणगी प्रतिष्ठानाच्या चेकने फेडणे किंवा मदतनिधीसाठीच्या मेजवानीची तिकिटे प्रतिष्ठानाच्या पैशातून घेऊन घरच्यांनी तिथे जाणे, हेही त्याच निषेधात येते, आणि नवे विश्वस्त नेमके याच दोन ठिकाणी अडखळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये विश्वस्ताला प्रत्यक्ष झालेला खर्च परत मिळतो, पण पदाचा मोबदला घ्यायचा तर त्यासाठी दस्तात, कायद्यात किंवा धर्मादाय आयोगाच्या, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, परवानगीत स्पष्ट आधार लागतो. भारतात संस्थापक, मोठे देणगीदार, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांना संस्थेच्या पैशाचा लाभ झाला, तर संस्थेची करसवलत धोक्यात येते.

माझा सल्ला कायद्यापेक्षा एक पाऊल पुढचा आहे. कुटुंबातील कोणाशीही खरेदी, विक्री, भाडे, कर्ज, नोकरी किंवा सल्लागाराचे कंत्राट यांपैकी कोणताही व्यवहार करायचा नाही, असा सरळ ठराव पहिल्याच सभेत करून टाकावा. एखादा स्वस्त आणि सोयीचा व्यवहार त्यामुळे हातचा जाईल, पण प्रत्येक वेळी ‘हा चालतो की नाही’ यावर घरात वाद घालण्याची वेळ येणार नाही.

पायरी दुसरी : मंडळावर कोण बसणार

इंग्लंडचा धर्मादाय आयोग किमान तीन विश्वस्त असावेत असे सुचवतो, आणि छोट्या प्रतिष्ठानासाठी पाच ही संख्या सहसा सोयीची ठरते. त्यांतला निदान एक, जमल्यास दोन, कुटुंबाबाहेरचे असावेत. बाहेरचा माणूस म्हणजे घरचा जुना मित्र किंवा घरचाच हिशेबनीस नव्हे, कारण ज्याचे उत्पन्न किंवा स्नेह कुटुंबावर अवलंबून आहे तो सभेत ‘नाही’ म्हणू शकत नाही. ज्या क्षेत्रात अनुदान द्यायचे ठरले आहे तिथे वर्षानुवर्षे काम केलेली, पण सध्या कोणत्याही अर्जदार संस्थेशी बांधलेली नसलेली व्यक्ती शोधावी. ती आल्यावर सभेचा सूरच बदलतो. घरातली माणसे एकमेकांना अर्ध्या वाक्यात समजतात, म्हणून कारणे सांगायची राहून जातात. परका माणूस समोर असला की कारणे उच्चारावी लागतात.

जागांची वाटणी करताना एका मोहापासून सावध राहावे. तीन भावंडे आहेत म्हणून प्रत्येक शाखेला एक जागा आणि अनुदानाचा तिसरा हिस्सा, ही मांडणी पहिल्या दिवशी न्याय्य वाटते. पुढच्या पिढीत तिचे रूपांतर तीन स्वतंत्र खिशांमध्ये होते आणि मंडळाची सभा म्हणजे एकमेकांच्या यादीला मान डोलावण्याचा कार्यक्रम उरतो. काही प्रतिष्ठाने प्रत्येक विश्वस्ताला त्याच्या मर्जीने सुचवता येईल अशी छोटी रक्कम देतात. ती ठेवायचीच असेल तर एकूण वार्षिक अनुदानाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावी आणि त्या सूचनेचीही कागदपत्रे इतर अर्जांसारखीच तपासली जावीत.

विश्वस्तपदाची मुदत तीन वर्षांची आणि सलग दोनदाच, असा नियम संस्थापकालाही लागू करता येतो. त्याला मुदत नको असेल तर निदान अध्यक्षपद तरी फिरते ठेवावे. पुढच्या पिढीतील मुलामुलींना थेट विश्वस्त करण्याआधी वर्ष-दोन वर्षे मताधिकाराविना सभेला बसवावे, अर्ज वाचायला द्यावेत, भेटींना न्यावे. ज्याला यात रस नाही त्याला सन्मानाने बाहेर राहू द्यावे. जबरदस्तीने बसवलेला विश्वस्त सभेत फोनकडे पाहत बसतो आणि सही मात्र त्याचीही लागते.

पैशाच्या व्यवहारावर दोन सह्या असाव्यात आणि त्या पतीपत्नीच्या नसाव्यात. हे सर्वांना माहीत असते; व्यवहारात काय होते ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी एक विश्वस्त गावाला जाण्याआधी दहा कोऱ्या चेकांवर सही करून ठेवत असे. आता नेट बँकिंगमध्ये रक्कम भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा अशी दोन खाती उघडली जातात, पण दोन्हींचे पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले असतात आणि दोन्हींचे ओटीपी एकाच मोबाइलवर येतात. अशा वेळी नोंदीत दोन माणसे दिसतात, खोलीत एकच असतो. कोषाध्यक्षाने वर्षातून एकदा दुसऱ्या सहीकर्त्याला स्वतःच्या फोनवरून स्वतःच एक व्यवहार मंजूर करायला लावावा. तो त्याला जमला नाही, तर दुसरी सही केवळ नावापुरती आहे असे समजावे.

पायरी तिसरी : सभा, इतिवृत्त आणि हितसंबंध

वर्षात चार सभा पुरतात : एक अंदाजपत्रकाची, दोन अनुदानाच्या निर्णयाच्या आणि एक हिशेब व आढाव्याची. विषयपत्रिका आणि कागद निदान सात दिवस आधी सर्वांकडे गेले पाहिजेत. सभा जेवणाला जोडून घेऊ नये. कौटुंबिक गप्पा आणि मंडळाचे निर्णय एकाच बैठकीत मिसळले, की काय ठरले आणि काय नुसते बोलले गेले हे दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

इतिवृत्त छोटे असले तरी चालते, मात्र त्यात निर्णय, कारण आणि कोण बाहेर गेले हे असलेच पाहिजे. हितसंबंधाची नोंद कशी दिसावी, याचा नमुना असा :

‘विषय क्रमांक ४. वाचनालयांसाठीच्या संस्थेचा अर्ज. चर्चा सुरू होण्यापूर्वी एका विश्वस्तांनी सांगितले, की त्यांची बहीण अर्जदार संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. त्यांनी अर्जाविषयी वस्तुस्थितीच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्या सभेतून बाहेर गेल्या. उर्वरित चार विश्वस्तांनी गणपूर्ती असल्याची खात्री करून चर्चा केली. मागितलेल्या रकमेपैकी पुस्तकखरेदीची रक्कम मंजूर, फर्निचरची नामंजूर. कारण, इमारतीचा भाडेकरार आठ महिन्यांत संपत आहे. त्यानंतर बाहेर गेलेल्या विश्वस्तांना आत बोलावण्यात आले.’

यात ‘बाहेर गेल्या’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. संबंधित व्यक्तीने मत दिले नाही, पण ती खोलीत बसून राहिली, तर इतरांची जीभ आखडते. घरातल्या माणसाला बाहेर जायला सांगणे अवघड वाटते, म्हणून हे काम नियमानेच करावे : प्रत्येक सभेच्या सुरुवातीला अध्यक्षाने सर्वांना ‘आजच्या विषयांत कोणाचा संबंध आहे का’ असे विचारायचे आणि उत्तर ‘नाही’ असले तरी तेही लिहायचे. याशिवाय प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून एकदा आपण आणि आपले जवळचे नातेवाईक कोणकोणत्या संस्थांशी जोडलेले आहोत याची यादी सही करून द्यावी. हितसंबंध असणे हा दोष नाही. सामाजिक कामात रस असलेल्या कुटुंबाचे चार संस्थांशी नाते असणारच. ते लपून राहिले तर मात्र दोष ठरतो.

पायरी चौथी : वर्षाला किती द्यायचे

काही देशांत याचे उत्तर कायदाच देतो. अमेरिकेतील खासगी प्रतिष्ठानाला आपल्या गुंतवणुकीच्या सरासरी बाजारमूल्याच्या साधारण ५ टक्के इतकी रक्कम दरवर्षी धर्मादाय कामासाठी वाटावी लागते, आणि त्यात अनुदानाच्या कामासाठी झालेला वाजवी कारभारखर्चही धरता येतो. भारतात मोजणी मालमत्तेवर होत नाही, उत्पन्नावर होते : वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी खर्च करायची असते आणि विशिष्ट कामासाठी रक्कम साठवायची असेल तर ठरावीक पद्धतीने तसे कळवून पाच वर्षांपर्यंत मुभा मिळते. इंग्लंडमध्ये ठरावीक टक्केवारी नाही, पण कारण नसताना निधी साठवून ठेवला तर त्याचे उत्तर विश्वस्तांना द्यावे लागते.

कायद्याने घातलेली ही किमान मर्यादा झाली. त्यावर किती द्यायचे हे प्रतिष्ठानाला किती वर्षे जगायचे आहे यावर ठरते. हिशेब सोपा आहे. निधी १०० धरू. गुंतवणुकीवर दीर्घ मुदतीत ८ मिळतात, महागाई ५ खाते आणि कारभाराला अर्धा लागतो असे मानले, तर निधीचे मोल कायम राखून वर्षाला अडीचच देता येतात. दरवर्षी ५ दिले तर निधीची खरी किंमत साधारण २७ वर्षांत निम्म्यावर येते. हे वाईटच आहे असे मुळीच नाही. अमेरिकी उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या निधीला, आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सगळी रक्कम खर्च करावी अशी अट घातली होती. ते १९३२ मध्ये वारले आणि निधी मुदतीच्या बराच आधी, १९४८ मध्ये, काम संपवून बंद झाला. अमेरिकी उद्योजक चक फीनी यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली अटलांटिक फिलान्थ्रॉपीज ही संस्थाही ठरवून सगळा निधी वाटून २०२० मध्ये बंद करण्यात आली. उलट जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी स्थापन केलेला निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, त्यामुळे परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळतो आणि काम आजही चालू आहे.

छोट्या प्रतिष्ठानाला मी साधारणपणे ठरावीक वर्षांत निधी वाटून बंद होण्याचा मुदतबंद मार्गच सुचवीन, विशेषतः पुढच्या पिढीत कारभार पाहायला उत्सुक कोणी दिसत नसेल तर. निधी लहान असला की चिरंतन राहण्याच्या नादात दरवर्षीचे अनुदान इतके किरकोळ उरते, की लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांचाच खर्च त्याच्या जवळपास जातो. निर्णय कोणताही असो, तो लिहून ठेवावा आणि दर पाच वर्षांनी पुन्हा पाहावा. बहुवर्षीय अनुदाने कबूल केली असतील, तर पुढच्या वर्षांचे हप्ते नव्या अनुदानांच्या रकमेतून आधीच वजा करावेत. हे न केल्यामुळे तिसऱ्या वर्षी वाटायला काहीच उरत नाही, असे बऱ्याच मंडळांच्या बाबतीत घडते.

पायरी पाचवी : कशासाठी द्यायचे, आणि कशासाठी नाही

न्यासपत्रातील उद्दिष्टे बहुधा ‘शिक्षण, आरोग्य, गरिबांना साहाय्य आणि इतर लोकोपयोगी कामे’ अशी ऐसपैस असतात, आणि कायद्याच्या सोयीसाठी ती तशी असणे बरे. अनुदानाचे धोरण मात्र एका पानाचे आणि अरुंद हवे. कोणत्या भागात, कोणत्या गटासाठी, कोणत्या प्रकारच्या कामाला, किती आकाराच्या संस्थेला आणि साधारण किती रकमेपर्यंत, एवढे त्यात असावे. दुसऱ्या परिच्छेदात नकारांची यादी द्यावी : व्यक्तींना थेट मदत, राजकीय काम, इमारत, झालेल्या खर्चाची भरपाई, स्नेहसंमेलने आणि स्मरणिकेतील जाहिराती. ही यादी विश्वस्तांच्या फार उपयोगी पडते. शेजाऱ्याने, व्याह्यांनी किंवा व्यवसायातल्या ग्राहकाने गळ घातली, की ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असे सांगून कागद पुढे करता येतो आणि नाते बिघडत नाही.

क्षेत्र निवडताना विश्वस्तांनी आपल्या आवडीनिवडीपासून सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये. त्या क्षेत्रातल्या चार-पाच संस्थांना अर्ज न मागता भेटावे आणि एकच प्रश्न विचारावा : ‘तुमच्या कामात कोणत्या गोष्टीसाठी पैसा मिळतच नाही?’ उत्तर बहुतेकदा हिशेबनीसाचा पगार, वाहनाचे इंधन, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, दोन प्रकल्पांमधले तीन रिकामे महिने अशा गोष्टींचे येते. जिथे मोठे दाते जात नाहीत तिथे छोट्या प्रतिष्ठानाचा पैसा खरा उपयोगी पडतो.

पायरी सहावी : अर्ज मागवणे

खुले आवाहन करावे की निवडक संस्थांनाच विचारावे, यावर मतभेद आहेत. खुल्या आवाहनामुळे अनोळखी संस्थांना दार उघडे राहते; निवडक निमंत्रणामुळे कोणाचा वेळ वाया जात नाही, पण ओळखीच्या वर्तुळाबाहेरची संस्था कधी दिसतच नाही. दोन टप्प्यांची पद्धत हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा आहे, आणि त्याचे गणित मांडून पाहावे. ६० संस्थांनी प्रत्येकी २५ तास खर्चून पूर्ण अर्ज केले आणि ६ मंजूर झाले, तर सामाजिक क्षेत्राचे १,५०० तास गेले आणि त्यांतले १,३५० नकारासाठी गेले. त्याऐवजी प्रथम एका पानाची चौकशी मागवली, तिला दोन तास लागले, आणि निवडलेल्या १२ संस्थांनाच १५ तासांचा अर्ज भरायला सांगितला, तर एकूण ३०० तासांत तेच काम होते. अनुदान जितके छोटे तितका अर्ज छोटा असावा. चार पगारांइतक्या रकमेसाठी वीस पानांचा अर्ज मागणारे प्रतिष्ठान त्या संस्थेकडून काही देण्याऐवजी घेतच असते.

एका पानात पाच प्रश्न पुरतात : तुम्ही कोण आहात आणि किती वर्षे काम करता, या पैशाने काय कराल, ते कोणाच्या उपयोगी पडेल आणि त्या लोकांचे मत तुम्ही कसे घेतले, एकूण खर्च किती आणि उरलेला कोठून येईल, आम्ही नाही म्हटले तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते.

पायरी सातवी : छाननी

नोंदणी, करसवलतीचे प्रमाणपत्र, कार्यकारिणीची यादी आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हे कागद घ्यावेत. पहिले तीन तपासायला दहा मिनिटे लागतात. हिशेबांना मात्र तासभर द्यावा, आणि तो विश्वस्तांपैकी कोणीतरी स्वतः द्यावा.

ताळेबंदात प्रथम राखीव निधी पाहावा. वर्षाचा खर्च १२० आणि बंधनमुक्त (कोणत्याही विशिष्ट कामाला न बांधलेली) शिल्लक १० असेल, तर संस्थेकडे एका महिन्याची बेगमी आहे. छोट्या संस्थांत हे नेहमीचे असते आणि ते नाकारण्याचे कारण होत नाही. उलट त्या संस्थेला बंधनमुक्त अनुदान का द्यावे याचा तो पुरावा आहे. दोन वर्षे पुरेल इतकी शिल्लक दिसली तर आमच्या पैशाची निकड काय, असे विचारावे. त्यानंतर दायित्वांच्या बाजूला ‘इमारत निधी’, ‘अमुक प्रकल्प निधी’ अशा राखून ठेवलेल्या रकमा किती आहेत ते बघून, मालमत्तेच्या बाजूला बँक शिल्लक आणि ठेवी मिळून तितक्या आहेत का ते ताडावे. राखीव निधी ४० दाखवले आहेत आणि बँकेत व ठेवीत मिळून २२ च आहेत, तर एका दात्याने विशिष्ट कामासाठी दिलेले १८ दुसरीकडेच, बहुधा पगारात, खर्च झाले आहेत. यामागे अप्रामाणिकपणा असेलच असे नाही. एखाद्या दात्याचा हप्ता लांबला की अशी उसनवार होते. पण संस्थेच्या प्रमुखाला हे माहीत आहे का आणि तो सरळ सांगतो का, यावरून पुष्कळ काही कळते. पदाधिकाऱ्यांच्या नावावर वर्षानुवर्षे पडून राहिलेली उचल, मोठी रोख शिल्लक आणि लेखापरीक्षकाचे प्रतिकूल शेरे हे आणखी तीन थांबे आहेत.

पूर्वीच्या एखाद्या दात्याला फोन करावा आणि ‘संस्था कशी आहे’ असे मोघम विचारू नये. ‘ठरलेले काम झाले नाही तेव्हा त्यांनी तुम्हाला कधी आणि कसे कळवले?’ असे विचारावे.

प्रत्यक्ष भेटीला दोघांनीच जावे. स्वागत समारंभ नको, मुलांचा कार्यक्रम नको, हे आधी लेखी कळवावे, नाहीतर संस्थेचा दिवस तयारीतच जातो. संस्थाप्रमुखाखेरीज एका कार्यकर्त्याशी, हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीशी आणि ज्यांच्यासाठी काम चालते अशा दोन-तीन जणांशी बोलावे. कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो, हे टिपावे. भेट संपताना कोणतेही आश्वासन देऊ नये. ‘बघू, होऊन जाईल’ हे विश्वस्ताच्या तोंडचे शब्द संस्थेला मंजुरीपत्रासारखे वाटतात आणि त्यावर ती माणसे नेमून बसते.

पायरी आठवी : निर्णय आणि नकार

प्रत्येक विश्वस्ताने सभेआधी आपले गुण आणि दोन ओळींचे कारण सचिवाकडे पाठवावे. निकष चार-पाचच असावेत : धोरणाशी मेळ, गरज, संस्थेची क्षमता, आर्थिक शिस्त, आणि आमच्या रकमेने पडणारा फरक. गुणांची बेरीज करून वरचे सहा मंजूर करणे हा त्यांचा उपयोग नव्हे. एकाच अर्जाला एकाने नऊ आणि दुसऱ्याने तीन दिले असतील, तर चर्चेचा वेळ तिथे खर्च करावा. संस्थापकाने किंवा घरातील वडीलधाऱ्याने सर्वांत शेवटी बोलावे. त्यांनी आधी तोंड उघडले की बाकीच्यांची मते त्या दिशेला वळतात, आणि आधी पाठवलेले गुण हाच त्यावरचा एक उपाय उरतो.

नकार दोन आठवड्यांत कळवावा. धोरणात बसत नाही, रक्कम पुरली नाही, की अर्जात काही उणीव होती, यांपैकी खरे कारण सांगावे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे की नाही हेही सांगावे. निरुत्तर ठेवणे हा देणाऱ्यांच्या जगातला सर्वांत सार्वत्रिक अवगुण आहे.

पायरी नववी : अनुदानपत्र, पैसे आणि अहवाल

अनुदानपत्र दोन पानांचे पुरते : रक्कम, मुदत, हेतू, हप्ते, अहवालाची तारीख, बदल हवा असल्यास कोणाला विचारायचे, आणि न वापरलेली रक्कम कशी परत करायची. ज्या संस्थेची छाननी समाधानकारक झाली तिला शक्यतो बंधनमुक्त अनुदान द्यावे. ‘कारभारावर अमुक टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको’ अशी अट घालण्याची खोड फार पसरलेली आहे. तिच्यामुळे खर्च कमी होत नाही, तो प्रकल्पाच्या नावाखाली लपवला जातो, आणि हिशेब पाहण्यासाठी आपण जो तास दिला तो फुकट जातो.

करविषयक बारकावे आपल्या देशात काय आहेत ते हिशेबनीसाकडून लेखी घ्यावेत. उदाहरणार्थ, भारतात २०२३ च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरली जाते, आणि २०२० पासून परदेशी देणगीतून मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. अमेरिकेत सार्वजनिक धर्मादाय संस्था नसलेल्या घटकाला अनुदान दिले तर छाननी, लेखी करार आणि अहवाल यांची जबाबदारी प्रतिष्ठानावर येते. अशा तरतुदी अनुदान देऊन झाल्यावर कळल्या तर उपयोग नसतो.

अहवालासाठी वेगळा नमुना काढण्याआधी, संस्था आपल्या इतर दात्यांना जो वार्षिक अहवाल देते तोच चालेल का, हे पाहावे. बहुतेकदा चालतो. त्यात भर म्हणून अर्ध्या तासाचा फोन करावा आणि काय जमले नाही ते विचारावे. न जमल्याची बातमी ऐकून पुढचा हप्ता रोखला, तर त्यानंतर खरी बातमी कधीच येणार नाही, हे विश्वस्तांनी आपसात ठरवून ठेवलेले बरे.

पायरी दहावी : थांबणे

एकाच संस्थेला दहा वर्षे देत राहणे चूक नाही, पण तो दरवर्षी नव्याने घेतलेला निर्णय असावा. थांबायचे ठरले तर निदान एक वर्ष आधी कळवावे आणि शेवटचे अनुदान नेहमीच्या निम्मे तरी द्यावे, म्हणजे संस्थेला दुसरा दाता शोधायला अवधी मिळतो. वर्षअखेरच्या सभेत दिलेल्या अनुदानांची यादी, रकमा आणि हेतू जाहीर करावेत. ब्रिटनमध्ये ३६०गिव्हिंग नावाच्या सामायिक नमुन्यात अनेक दाते ही माहिती खुली करतात, आणि छोट्या प्रतिष्ठानाला त्यासाठी एक साधा तक्ता पुरतो. त्याच सभेसाठी कुटुंबाबाहेरच्या विश्वस्ताने अनुदान मिळालेल्या तीन आणि नाकारलेल्या तीन संस्थांना फोन करून आमच्याशी व्यवहार करताना काय त्रास झाला ते विचारावे आणि नावे न सांगता मंडळापुढे वाचून दाखवावे. त्यातली निदान एक तक्रार दूर केल्याची नोंद पुढच्या वर्षीच्या पहिल्या इतिवृत्तात असली पाहिजे.